लेझरने नॅनोकण, त्यावरचे पुरस्कार आणि कोकणातली प्रयोगशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'लेझरने नॅनोकण तयार करण्याच्या संशोधनाला पुरस्कार' अशी बातमी आली की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधल्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. पुरस्कार नेमका कशासाठी दिला? हे आपल्या कॉलेजात जमेल का? आपल्या हवेत, आपल्या पाण्यात काय अडचणी येतील? अशा प्रश्नांची उत्तरं खाली दिली आहेत. प्रयोगाची माहिती मुद्दाम सविस्तर आहे, कारण प्रयोग कुठे फसतो हे कळल्याशिवाय पुरस्कार कशाला मिळतो हेही कळत नाही.

लेझरने नॅनोकण करतात म्हणजे नक्की काय करतात?

बीकरमध्ये शुद्ध पाणी घ्यायचं, तळाशी सोन्याचा छोटा पत्रा ठेवायचा आणि वरून भिंगातून लेझरचे झटके, म्हणजे पल्स, त्या पत्र्यावर सोडायचे. एकेक पल्स ५ ते १० नॅनोसेकंदांचा असतो (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). तेवढ्या वेळात पत्र्याचा अगदी वरचा थर वितळतो, उकळतो आणि त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, होतो. हवेत हा प्लाझ्मा मोकळा पसरला असता. पाणी मात्र त्याला दाबून धरतं, म्हणून तो झपाट्याने निवतो. त्याच्याभोवती वाफेचा एक बुडबुडा फुगतो, मिलिमीटरभर मोठा होतो आणि साधारण १०० ते ३०० मायक्रोसेकंदांत कोसळतो. धातूचे अणू एकत्र येऊन कण होण्याचं बरंचसं काम या बुडबुड्याच्या आत आणि त्याच्या कडेला होतं. बुडबुडा फुटला की कण पाण्यात येतात.

प्रत्यक्षात काय दिसतं? प्रत्येक पल्सला 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि पत्र्यावर पांढरट ठिणगी चमकते. मिनिटभरात त्या जागेवरून गुलाबी धुराची बारीक रेघ वर चढू लागते. दहा मिनिटांत सगळं पाणी पातळ कोकम सरबताच्या रंगाचं होतं. हेच सोन्याचं कलिल (कोलॉइड), म्हणजे पाण्यात तरंगत राहिलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण. त्यातला एकेक कण साधारण ५ ते ३० नॅनोमीटरचा असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग).

या कामाला नोबेल मिळालं आहे का?

द्रवात लेझर मारून नॅनोकण करण्याच्या पद्धतीला थेट नोबेल मिळालेलं नाही. जवळची उदाहरणं मात्र आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात ग्रॅफाइटवर लेझर मारून त्याची वाफ हेलियममध्ये थंड केली, तेव्हा ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू सापडला. त्यासाठी कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पदार्थाची लेझरने वाफ करा आणि ती एकदम थंड करा, हे सूत्र तिथेही तेच होतं. जपानच्या कोइची तानाका यांना २००२ मध्ये मोठे जैविक रेणू मोजण्याच्या पद्धतीसाठी नोबेल मिळालं. त्यांनी कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी ग्लिसरीनमध्ये मिसळून तिच्यावर लेझर मारला होता. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मुरू आणि स्ट्रिकलंड यांना अतिलघु, अतितीव्र पल्स तयार करण्याच्या तंत्रासाठी मिळाला, आणि आज नॅनोकणांसाठी वापरले जाणारे बरेच फेम्टोसेकंद (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) लेझर याच तंत्रावर चालतात. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्ससाठी, म्हणजे अर्धवाहकाच्या नॅनोकणांसाठी, होतं. तो नॅनोकणांचाच गौरव, पण त्यात लेझरने कण बनवण्याचा मुद्दा नव्हता. या दोन गोष्टींची गल्लत बातम्यांत होते.

मग या क्षेत्राचा स्वतःचा पुरस्कार कोणता?

फोयटिक–हेंगलाइन पारितोषिक. अँटोन फोयटिक आणि आर्निम हेंगलाइन यांनी १९९३ मध्ये द्रवात लेझर मारून धातूंची कलिलं तयार केल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत नेडरसन, चुमानोव्ह आणि कॉटन यांनीही धातूची कलिलं याच मार्गाने केली, रामन वर्णपटाचा (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखण्याच्या पद्धतीतला) क्षीण संकेत वाढवण्यासाठी. या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद 'एंजल' या नावाने ओळखली जाते. पहिली २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गला भरली, आणि हे पारितोषिक याच परिषदेशी जोडलेलं आहे.

यात महाराष्ट्राचा काही वाटा आहे का?

आहे, आणि तो पायाभूत आहे. १९८७ मध्ये, म्हणजे फोयटिक आणि हेंगलाइन यांच्याही सहा वर्षं आधी, पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या गटाने 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात ठेवलेल्या लोखंडावर रुबी लेझरचे पल्स मारले तर घन आणि द्रव जिथे भेटतात तिथे लोखंडाची एरवी न टिकणारी ऑक्साइडं तयार होतात आणि झटक्यात थंड झाल्यामुळे तशीच गोठून राहतात, असं त्यात दाखवलं होतं. लेखकांत पी. पी. पाटील, डी. एम. फासे, एस. ए. कुलकर्णी, एस. व्ही. घैसास, सुलभा कुलकर्णी, एस. एम. कानेटकर, सतीशचंद्र ओगले आणि व्ही. जी. भिडे होते. त्या निबंधाचा विषय नॅनोकण नव्हता, लोखंडाचा पृष्ठभाग होता. पण द्रवाखाली लेझर मारून नवा पदार्थ घडवता येतो ही कल्पना तिथून रुजली, आणि जगभरचे आढावा लेख इतिहास सांगताना या निबंधाचं नाव आवर्जून घेतात. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या प्रस्तावनेत हा निबंध नक्की लिहावा. अभिमान तर आहेच, शिवाय तो या विषयाचा खरा आरंभ आहे.

रासायनिक पद्धत स्वस्त असताना लेझर कशाला?

कणाच्या स्वच्छ पृष्ठभागासाठी. रासायनिक पद्धतीत सोन्याचा क्षार घेतात, त्यात सायट्रेटसारखं क्षपणक, म्हणजे क्षारातून धातू मोकळा करणारं रसायन, घालतात, आणि तयार झालेल्या कणावर त्याच रसायनांचा थर राहतो. उत्प्रेरक म्हणून किंवा शरीरात वापरायचे कण असतील तर तो थर आड येतो, आणि धुऊन काढायला गेलं तर कण एकमेकांना चिकटतात. लेझरच्या पद्धतीत पाणी आणि धातू सोडून काही घालावंच लागत नाही. कणाचा पृष्ठभाग थोडा ऑक्सिडाइझ होतो, त्यावर ऋण प्रभार येतो आणि त्या प्रभारामुळेच कण एकमेकांपासून दूर राहतात.

साधं सोन्याचं कलिल १०० मिलिलिटर हवं असेल आणि स्वच्छ पृष्ठभागाची गरज नसेल, तर सायट्रेटची पद्धत वापरा. तिथे लेझर वापरण्यात काही अर्थ नाही.

साहित्य काय लागतं?

लेझर एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर, ५ ते १० नॅनोसेकंदांचा पल्स, सेकंदाला १० पल्स, एका पल्समध्ये ५० ते १०० मिलिज्यूल ऊर्जा. झोत खाली वळवण्यासाठी ४५ अंशात बसवलेला, या तरंगलांबीचा लेपित आरसा. १०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग. ५० मिलिलिटरचा बीकर, २० मिलिलिटर पाणी. झोताची ऊर्जा मोजायला एनर्जी मीटर, आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू.

टार्गेटसाठी, म्हणजे लेझर ज्यावर मारायचा त्या सोन्यासाठी, साधारण १० × १० × १ मिलिमीटरचा ९९.९९ टक्के शुद्धतेचा तुकडा उत्तम. तो मिळत नसेल तर सराफाकडचं २४ कॅरेटचं वेढणं ठोकून सपाट करून घ्या, सरावाला तेवढं पुरतं. दागिन्याचं २२ कॅरेट सोनं घेऊ नका. त्यात ८ टक्क्यांहून जास्त तांबं-चांदी असते, त्यामुळे मिश्रधातूचे कण होतात, आणि प्रकाश-शोषणाच्या वर्णपटातलं शिखर (सर्वांत जास्त प्रकाश शोषला जातो ती तरंगलांबी) सरकलं तर ते आकारामुळे की मिश्रणामुळे हे सांगता येत नाही.

हा लेझर प्रत्येक कॉलेजने विकत घ्यावा असं नाही. शासनाच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं शोधून वेळ मागता येते.

प्रयोगाची रीत सांगा.

आधी टार्गेट. बारीक पॉलिश पेपरने घासा, अॅसिटोन, मग इथेनॉल, मग शुद्ध पाणी अशा क्रमाने प्रत्येकात १० मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवा, सुकवा, वजन करून वहीत लिहा. वजन घ्यायचं राहिलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

काचेची भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या तीव्र मिश्रणाने) धुऊन शुद्ध पाण्याने भरपूर खंगाळा. आधीच्या प्रयोगातला चांदीचा अंश राहिला तर तो वर्णपटात दिसतोच. टार्गेट बीकरमध्ये अशा उंचीवर घट्ट बसवा की २० मिलिलिटर पाणी भरल्यावर त्याच्यावर ८ मिलिमीटर पाणी येईल. पाणी ३–४ मिलिमीटरच असेल तर शिंतोडे भिंगापर्यंत उडतात. १५ मिलिमीटरच्या वर गेलं तर ऊर्जा वाटेतच खर्च होते, कारण १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात दर सेंटिमीटरला दहा-पंधरा टक्के शोषला जातो.

आता भिंगाची उंची. झोताचा व्यास ६ मिलिमीटर असेल आणि टार्गेटवर १ मिलिमीटरचा ठिपका हवा असेल, तर हवेत टार्गेट भिंगापासून ८३ मिलिमीटरवर, म्हणजे नाभीच्या अलीकडे ठेवावं लागतं. पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून ८ मिलिमीटर पाणी हवेतल्या ६ मिलिमीटरएवढं मोजायचं. हिशेब केला की टार्गेट प्रत्यक्षात भिंगापासून ८५ मिलिमीटरवर येतं. हे २ मिलिमीटर पुष्कळजण विसरतात.

भिंगाखाली मायक्रोस्कोपची काचपट्टी तिरकी धरून बसवा. तिच्यामुळे आठेक टक्के ऊर्जा जाते, पण शिंतोडे तिच्यावर पडतात. भिंगावर वाळलेला पाण्याचा थेंब पुढच्या पल्सला लेप जाळतो, आणि तो डाग पुसून जात नाही.

लेझर २० ते ३० मिनिटं तापू द्या, ऊर्जा मोजा, मगच सुरू करा. १० मिनिटं चालवलं की ६,००० पल्स होतात. या काळात टार्गेट सरकत राहिलं पाहिजे. मोटरवर चालणारं स्टेज असेल तर उत्तम, नाहीतर बीकर सावकाश फिरवणारी चकती. एकाच जागी मारत राहिलात तर खड्डा पडतो, ठिपक्याचा आकार बदलतो आणि काही मिनिटांत उत्पादन घटतं. मॅग्नेटिक स्टरर अगदी मंद ठेवा. तो नसेल तर तयार झालेले कण झोताच्या वाटेतच घुटमळतात आणि पुढच्या पल्सचा प्रकाश गिळतात.

ऊर्जा पुरेशी आहे हे कसं ठरवायचं?

नुसते मिलिज्यूल सांगून भागत नाही, ती ऊर्जा किती क्षेत्रावर पडते ते महत्त्वाचं. ठिपका मोजायला दुकानात बिल देतात तो थर्मल कागद घ्या, कमी ऊर्जेचा एक पल्स मारा आणि काळा डाग भिंगातून मोजा. व्यास १ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस सेंटिमीटर. ८० मिलिज्यूलला त्याने भागलं की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० ज्यूल येतात. सोन्यासाठी २ ते २० ज्यूल या टप्प्यात सुरुवात करावी. व्यास निम्मा केला तर हा आकडा चौपट होतो, हे लक्षात असू द्या. फार बारीक ठिपका केला तर टार्गेटच्या वर पाण्यातच ठिणगी पडते. आवाज मोठा येतो, कण मात्र होत नाहीत.

लेझर पॉइंटर किंवा मार्किंग मशीन चालेल का?

पॉइंटर नाही. ५ मिलिवॉटचा पॉइंटर सतत प्रकाश देतो. वरच्या लेझरमध्ये ८० मिलिज्यूल ८ नॅनोसेकंदांत बाहेर पडतात, म्हणजे त्या क्षणी १ कोटी वॉट. फरक २०० कोटी पटींचा आहे.

दागिन्यांवर खुणा उमटवणारं २० वॉटचं फायबर लेझर मशीन मात्र चालतं, आणि संशोधनातही वापरतात. त्याचा पल्स १०० नॅनोसेकंदांच्या आसपास असतो आणि सेकंदाला हजारो पल्स येतात. त्यात एक मेख आहे. बुडबुडा २०० मायक्रोसेकंद टिकतो. सेकंदाला ५,००० पल्स मारले तर दोन पल्समधलं अंतरही नेमकं २०० मायक्रोसेकंदच. त्यामुळे मागचा बुडबुडा कोसळण्याआधी पुढचा पल्स त्याच्यावर आदळतो. उपाय म्हणजे झोत भराभर सरकवायचा, जेणेकरून पुढचा पल्स बुडबुड्याच्या बाहेर पडेल. मशीनमधले हलणारे आरसे त्यासाठीच कामी येतात. पाणी तापतं, म्हणून बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवा. आणि मशीनच्या उघड्या टेबलावर हा प्रयोग करू नका, बंदिस्त पेटी हवीच.

एका तासात किती माल निघतो?

सेकंदाला १० पल्सच्या लेझरवर तासाला काही मिलिग्रॅम. जर्मनीतल्या ड्युइसबर्ग-एसेन विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये ५०० वॉटचा पिकोसेकंद लेझर आणि सेकंदाला ५०० मीटर वेगाने झोत फिरवणारा आरसा वापरून तासाला ४ ग्रॅमपर्यंत मजल मारली. लेझरची पद्धत प्रयोगशाळेपुरतीच आहे हा आक्षेप त्या कामाने बराच बोथट केला. अशा कामाला पुरस्कार मिळतो तेव्हा तो 'तासाला ४ ग्रॅम' या आकड्याला नसतो. बुडबुडा चुकवायला झोताचा वेग किती हवा हे आधी समजून घेऊन तो गाठला, त्याला असतो.

विहिरीचं किंवा आरओचं पाणी चालेल का?

नाही, आणि कोकणात या प्रश्नावरच जास्त प्रयोग फसतात. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं. खाडीलगतच्या विहिरीत क्षार उतरतात, आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते वाढतात. घरगुती आरओ क्षार कमी करतो, संपवत नाही. साधं डिस्टिल्ड वॉटरही डबा उघडा राहिला की खराब होतं. १८.२ मेगाओम-सेंटिमीटर रोधकतेचं, म्हणजे जवळजवळ आयनविरहित, पाणी वापरा, आणि काढल्याच्या दिवशीच वापरा.

कारण सोपं आहे. कण प्रभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. क्षारांचे आयन त्या प्रभारावर पांघरूण घालतात, मग कण जवळ येतात आणि चिकटतात. हे वर्गात दाखवायचं असेल तर २० मिलिलिटर लाल कलिलात २ मिलिलिटर समुद्राचं पाणी घाला. लाल रंग जांभळा, मग निळसर करडा होतो, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ बसलेला असतो. वर्गाला शिकवायला याहून चांगलं प्रात्यक्षिक नाही.

यात एक गंमतशीर बारकावा आहे. अगदी थोडं मीठ, लिटरला १० ते १०० मायक्रोमोल, लेझर मारण्याआधी पाण्यात असेल तर कण उलट लहान आणि जास्त टिकाऊ होतात, कारण काही आयन सोन्याच्या पृष्ठभागावर बसून प्रभार वाढवतात. पण ते मापून घातलेलं मीठ असतं. खाऱ्या हवेत उघड्या राहिलेल्या बीकरमध्ये किती मीठ आलं ते कोणी मोजलेलं नसतं.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

दव. जुलैमध्ये खोलीचं तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. लेझरचा चिलर (लेझर थंड ठेवणारं यंत्र) २० अंशांवर लावला असेल तर आतल्या थंड भागांवर पाणी साचतं, आणि उच्च दाबाच्या विजेशेजारी ते धोक्याचं आहे. आधी एसी आणि डीह्युमिडिफायर तासभर चालवून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणा, मगच चिलर सुरू करा. बंद करताना उलटा क्रम, चिलर आधी.

भिंगं आणि आरसे सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या भिंगावर बुरशीची जाळी चढते, आणि ती लेपातच शिरते. लाईट गेली आणि परत आली, तर मागच्या नोंदीवर विसंबून तसंच पुढे जाऊ नका. पुन्हा २० मिनिटं तापवा, ऊर्जा पुन्हा मोजा, आणि तो नमुना वेगळा ठेवून त्यावर तसं लिहा.

रंग आला नाही, किंवा वेगळाच आला. काय चुकलं?

आवाज आहे पण रंग नाही, तर बहुधा ठिणगी पाण्यात पडते आहे. भिंग थोडं खाली आणा म्हणजे ठिपका मोठा होईल. आवाजच मंद असेल तर काचपट्टी मळली आहे का ते पाहा. पहिल्या पाच मिनिटांत रंग आला आणि मग थांबला, तर टार्गेट सरकत नाही किंवा वरचं पाणी ढवळलं जात नाही. सुरुवातीपासूनच जांभळट दिसलं, तर पाण्यात क्षार आहेत किंवा बीकर नीट धुतलेला नाही. लाल पाणी वरून दिसायला छान पण तळाशी चमचमती पूड असेल, तर ऊर्जा जास्त आहे आणि वितळलेल्या धातूचे मोठे थेंब उडत आहेत. कण लहान करायचे असतील तर टार्गेट काढून घ्या आणि तेच कलिल ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरने आणखी १०–१५ मिनिटं मारा. सोनं हिरवा प्रकाश चांगला शोषतं, मोठे कण तापून फुटतात.

कण खरंच झाले, आणि किती, हे कसं सिद्ध करायचं?

पुरस्काराच्या परीक्षकांसमोर सगळं इथेच ठरतं. रंग हा पुरावा नव्हे. तो इशारा आहे.

वर्णपट घ्या. गोलाकार सोन्याच्या लहान कणांचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास येतं, चांदीचं ४०० च्या आसपास. मग ४०० नॅनोमीटरवरचं शोषण पाहा. सोन्यासाठी १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीत) ते १.२ असेल तर लिटरला साधारण ०.५ मिलिमोल सोनं असतं. समजा तुम्हाला ०.६ मिळालं. म्हणजे ०.२५ मिलिमोल, लिटरला सुमारे ४९ मिलिग्रॅम, आणि तुमच्या २० मिलिलिटरमध्ये जवळपास १ मिलिग्रॅम. आता टार्गेटचं वजन करा. तेही १ मिलिग्रॅमने घटलं असेल तर हिशेब जुळला. ३ मिलिग्रॅमने घटलं असेल तर उरलेलं सोनं पूड होऊन तळाशी आहे किंवा भांड्याला चिकटलं आहे, आणि ते अहवालात लिहायला हवं.

आकारासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात बाहेरच्या संस्थांना ही सोय मिळते. चित्रातला सुंदर कोपरा निवडून ३० कण मोजू नका, वेगवेगळ्या जागांची चित्रं घेऊन किमान ३०० मोजा. प्रकाश-विखुरणाच्या यंत्राने आलेला आकार यापेक्षा मोठा दिसतो, कारण मोठे कण कितीतरी पटींनी जास्त प्रकाश विखुरतात. दहा-वीस मोठे कणसुद्धा आकडा फुगवतात. दोन्ही आकडे द्या आणि फरक का आहे ते लिहा.

सगळा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा. लेझर न मारता तेवढाच वेळ ठेवलेला एक बीकरही सोबत असू द्या.

चांदी, तांबं, लोखंड यांचं काय?

चांदी सोपी, पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं, पण हवा आणि उजेड लागला की बदलतं. तांबं पाण्यात लवकर ऑक्सिडाइझ होतं, धातूरूपात हवं असेल तर अॅसिटोन वापरा. लोखंडाची पाण्यात ऑक्साइडं होतात, जशी पुण्याच्या प्रयोगात दिसली. जस्ताचं झिंक ऑक्साइड, टायटॅनियमचं टायटॅनियम डायॉक्साइड होतं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू वापरता येईल का?

त्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड असतं, म्हणून कल्पना चांगली आहे. पण वाळू हे खनिजांचं मिश्रण आहे, आणि मिश्रणातून मिश्रणच निघतं. चुंबकाने आणि धुऊन खनिजं वेगळी करा, क्षार पूर्ण जाईपर्यंत शुद्ध पाण्याने धुवा, भुकटी दाबून गोळी करा, भट्टीत पक्की भाजा, आणि मग तिला टार्गेट म्हणून वापरा. आधी आणि नंतर क्ष-किरण विवर्तनाने तपासलं नाही तर 'टायटॅनियम डायॉक्साइडचे कण मिळाले' असं म्हणता येणार नाही.

कोकणातल्या विद्यार्थ्यांनी कुठल्या स्पर्धेत जावं?

'आविष्कार' ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा आहे. आपली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे वाट विद्यापीठाच्या फेरीतून राज्य फेरीकडे जाते. विषय शुद्ध विज्ञान किंवा अभियांत्रिकी. शाळकरी मुलांसाठी इन्स्पायर-मानक ही केंद्र सरकारची योजना आहे, पण शाळेत चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, श्रेणीचा लेझर आणू नका. मुलांना तयार कलिल आणि समुद्राच्या पाण्याचा प्रयोग दाखवणं पुरे. मुरलेल्या संशोधकांसाठी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आहेत, ते २०२४ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, आणि त्यातला विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी आहे.

अर्जात 'जगात प्रथमच' लिहिण्याआधी १९८७ आणि १९९३ आठवा. त्याऐवजी एक नेमकं वाक्य लिहा : कोणती गोष्ट बदलली, कशाने, आणि किती. 'पाण्यात ५० मायक्रोमोल मीठ घातल्यावर सरासरी आकार इतक्यावरून इतक्यावर आला' असं वाक्य परीक्षक थांबून वाचतात.

धोका किती आहे?

डोळ्याला खूप. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो पडद्यावर एकवटतं. पाण्याचा पृष्ठभाग २ टक्के प्रकाश परत फेकतो. ८० मिलिज्यूलचे २ टक्के म्हणजे १.६ मिलिज्यूल, आणि डोळ्याची सुरक्षित मर्यादा अशा पल्ससाठी काही मायक्रोज्यूल आहे. म्हणजे शेकडो पट जास्त. चष्म्यावर १०६४ आणि ५३२ दोन्हींसाठी ७ किंवा जास्त ऑप्टिकल डेन्सिटी (चष्मा किती प्रकाश अडवतो त्याचं माप) छापलेली असली पाहिजे, आणि तो खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यावर हवा. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, चमकणाऱ्या धातूवरून झोत कुठेही उडतो. झोताच्या उंचीवर डोळे येतील असं वाकू नका, खाली पडलेलं पेन उचलायलाही. अॅसिटोन किंवा इथेनॉल वापरताना बीकर उघडा ठेवून लेझर चालवू नका, वाफ पेट घेते. आणि लेझरचं झाकण उघडून आत हात घालू नका, स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

तयार कलिल किती टिकतं, आणि उरलेलं कुठे टाकायचं?

घट्ट बुचाच्या स्वच्छ बाटलीत, अंधारात, ४ ते ८ अंशांवर ठेवलं तर चांगलं सोन्याचं कलिल महिनोन्महिने लाल राहतं. फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना कण एकत्र ढकलले जातात आणि वितळल्यावर पुन्हा सुटे होत नाहीत. बाटलीवर तारीख, ऊर्जा, ठिपक्याचा व्यास, पल्सची संख्या आणि पाण्याची रोधकता लिहा.

उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. जांभा सच्छिद्र आहे, आज सांडपाण्यात गेलेलं उद्या शेजारच्या विहिरीत किंवा खाडीत पोचतं, आणि चांदीचे कण जलचरांना घातक आहेत. सोनं, चांदी आणि तांबं यांच्या वेगळ्या बाटल्या ठेवा. सोन्याच्या बाटलीत मीठ घालून कण तळाशी बसू द्या, वरचं पाणी निथळून घ्या आणि गाळ सुकवून जपून ठेवा. ते सोनं वितळवून पुन्हा टार्गेट करता येतं.